शाळेच्या सुधारणेत विद्यार्थ्यांचा शब्द

शाळा चांगली चालावी अशी इच्छा बाळगणारे लोक पुष्कळ असतात. शिक्षणखाते नियम करते, तपासणी अधिकारी दफ्तर पाहतात, संस्थेचे चालक जमाखर्च पाहतात, मुख्याध्यापक वेळापत्रक आखतात आणि पालक निकालाच्या दिवशी गुणपत्रिका पाहतात. ह्या सर्वांचे म्हणणे शाळेत ऐकले जाते, व ते ऐकलेही पाहिजे. परंतु जो रोज पाच-सहा तास त्याच बाकावर बसतो, त्याच नळाचे पाणी पितो व त्याच फळ्याकडे पाहून डोळे ताणतो, त्या विद्यार्थ्याला ‘शाळेत काय सुधारावे असे तुला वाटते?’ हा प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाही. विचारलाच तर तो वार्षिक समारंभात, पाहुण्यांच्या देखत. आणि त्याचे उत्तरही आधी पाठ करून घेतलेले असते. ह्या विषयाचा थोडा विचार विद्यार्थी व पालक ह्या दोघांपुढेही मांडावा, असे आम्ही योजिले आहे.

प्रथम ह्या गोष्टीचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. विद्यार्थ्यांचे म्हणणे ऐकावयाचे म्हणजे शाळेचा कारभार मुलांच्या हाती देऊन वडील माणसांनी स्वस्थ बसावयाचे, असे नव्हे. गणित शिकवावे की न शिकवावे, परीक्षेत कोणाला किती गुण द्यावे, कोणा शिक्षकाची नेमणूक करावी, हे प्रश्न मुलांच्या मतावर सोपविता येत नाहीत. परंतु शाळेतील जीवनाचा एक मोठा भाग असा आहे की, त्याचे ज्ञान मुलांना जितके असते तितके दुसऱ्या कोणालाही नसते. आमच्या ह्या डोंगराचेच उदाहरण घेऊ. महाबळेश्वरी वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, व त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत कोसळतो. वर्गाच्या कोणत्या कोपऱ्यात पागोळीचे पाणी आत येते, कोणत्या बाकावरून ढगाळ दिवशी फळ्यावरचे अक्षर दिसत नाही, दूरच्या वाडीवरून चालत येणाऱ्या मुलाचे भिजलेले कपडे कितव्या तासापर्यंत अंगावरच वाळतात, मधल्या सुट्टीत कोण कोणाचा डबा हिसकावून घेतो, ह्या गोष्टी तपासणीच्या कोणत्याही तक्त्यात सापडत नाहीत. त्या मुलांना विचारल्यावाचून कळत नाहीत, आणि कळल्यावाचून सुधारता येत नाहीत.

न विचारल्याने काय होते, ह्याचे एक उदाहरण आमच्या ह्या सातारा जिल्ह्यातच घडलेले आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्यातील सरकारी हायस्कुलात भिवा रामजी आंबेडकर ह्या नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाने इंग्रजी पहिलीत प्रवेश घेतला. हेच पुढे भारताच्या राज्यघटनेचे शिल्पकार डॉ. बाबासाहेब आंबेडकर झाले, आणि २०१७ सालापासून तो दिवस महाराष्ट्रात ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून पाळला जातो. लहानपणच्या आपल्या शाळेतील दिवसांविषयी त्यांनी पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. वर्गात त्यांना इतरांपासून दूर एका कोपऱ्यात बसावे लागे. बसण्याचे गोणपाट त्यांनी स्वतः घरून आणावयाचे व संध्याकाळी परत न्यावयाचे, कारण शाळा झाडणारा नोकरही त्या गोणपाटाला हात लावीत नसे. तहान लागली तर इतर मुले शिक्षकांची परवानगी घेऊन नळावर जात व पाणी पीत. ह्या मुलाला मात्र नळाला हात लावण्याची मुभा नव्हती. शिपायाने येऊन नळ सोडला तर पाणी, शिपाई नसला तर तहान तशीच.

आता वाचकांनी विचार करावा. त्या काळीही हजेरीपट होते, तपासणी होती, परीक्षा होत्या. कागदोपत्री ती शाळा नीट चालली होती. परंतु शाळेत आज पाणी कोणाला मिळाले नाही, हा प्रश्न त्या मुलाला कोणी विचारला नाही. त्याचे उत्तर जगाला कळण्यास तो मुलगा मोठा होऊन, परदेशी विद्या संपादून, स्वतःच्या लेखणीने लिहीपर्यंत वाट पाहावी लागली. आणि असे लिहिण्याइतके मोठे होणे ज्यांच्या नशिबी नव्हते, अशी किती मुले त्याच गोणपाटांवर बसून मुकाट्याने शाळा सोडून गेली असतील! अस्पृश्यता आज कायद्याने गुन्हा आहे. तरीही ज्याला बोलता येत नाही अशा मुलाचे दुःख वडील माणसांच्या डोळ्यांसमोर असूनही त्यांना दिसत नाही, ही गोष्ट आजही खरी आहे.

ह्याच्या उलट, मुलाला बोलण्याची संधी मिळाली तर काय घडू शकते ह्याचे उदाहरण त्याहूनही जुने आहे. सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे जन्मलेल्या सावित्रीबाई फुले व त्यांचे पती जोतीराव ह्यांनी पुण्यात काढलेल्या शाळेत मुक्ता साळवे नावाची मांग समाजातील मुलगी शिकत होती. १८५५ साली, सुमारे चौदा वर्षांची असताना, तिने मांग व महार लोकांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला. अमेरिकन मिशनऱ्यांनी १८४२ साली अहमदनगर येथे सुरू केलेल्या ‘ज्ञानोदय’ पत्राने तो त्याच वर्षी दोन अंकांत छापला. त्या निबंधात तिने आपल्या लोकांवर झालेले जुलूम सांगितले, डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या स्त्रियांची दैना सांगितली, आणि शेवटी आपल्या जातिबांधवांना विद्या शिकण्याचा कळकळीचा उपदेश केला. ह्या निबंधाला आज पावणेदोनशे वर्षे होत आली, तरी मराठी वाङ्मयाचे अभ्यासक त्याचा आदराने उल्लेख करितात. येथे लक्षात घेण्यासारख्या गोष्टी तीन आहेत. पहिली, मुलीला लिहावयास शिकविणारे शिक्षक होते. दुसरी, तिने जे लिहिले ते गोड करून मागण्याचा आग्रह कोणी धरला नाही. तिसरी, तिचे म्हणणे वर्गाच्या चार भिंतींत न ठेवता ते जगापुढे नेणारे एक पत्र होते. विद्यार्थ्याच्या शब्दाला बळ येते ते ह्या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या म्हणजे.

बोलण्याच्या हक्काबरोबर जबाबदारीही येते, हे शिकविणारे उदाहरण कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांचे आहे. त्यांनी १९१९ साली कऱ्हाडजवळ काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले. पुढे ते छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस ह्या नावाने प्रसिद्धीस आले, व १९२७ साली महात्मा गांधींनी त्याला भेट दिली. तेथे निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत, एका पंक्तीला जेवत, आणि स्वयंपाक, झाडलोट वगैरे कामे स्वतःच्या हातांनी करीत. स्वावलंबन हेच त्या संस्थेचे ब्रीद. जो मुलगा स्वतः भाकरी थापतो त्याला पीठ किती लागते, सरपण किती जळते व कोणाच्या ताटात अन्न वाया जाते हे बरोबर कळते. अशा मुलाने जेवणाच्या व्यवस्थेविषयी काही सुचविले तर ते पोकळ कुरकुरीसारखे राहत नाही. त्यात अनुभवाचे वजन येते. म्हणून ज्या शाळेला मुलांचे मत हवे आहे, तिने मुलांना कामातही वाटा दिला पाहिजे.

ह्या डोंगरांच्या पायथ्याची अगदी अलीकडची एक गोष्ट सांगतो. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या काठी, जावळीच्या खोऱ्यात, खिरखंडी नावाचे लहानसे गाव आहे. तेथील मुली शाळेसाठी स्वतः होडी वल्हवीत जलाशय ओलांडीत, आणि पलीकडे उतरून दाट जंगलातून पायी चालत अंधारीच्या शाळेत जात. ही हकीकत वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध झाली, आणि जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कोणी अर्ज करण्याची वाट न पाहता, आपण होऊन ह्या प्रकरणाची दखल घेतली. मुलींना शाळेत जाण्याची वाट निर्भय करून दिल्यावाचून मुलींच्या शिक्षणाच्या घोषणा सफळ होणार नाहीत, असा न्यायालयाच्या म्हणण्याचा आशय होता. त्या मुली रोज शाळेत पोहोचत होत्या. हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे ‘हजर’ एवढेच लिहिले जात असणार. ‘हजर’ ह्या तीन अक्षरांमागे पाणी, वल्हे व जंगल आहे हे हजेरीपटावरून कोणाला कळावे? ते त्या मुलींच्या हकीकतीवरूनच कळले.

हा केवळ शिक्षकांच्या मर्जीचा प्रश्न राहिलेला नाही, हेही पालकांनी जाणून घ्यावे. संयुक्त राष्ट्रसंघाने १९८९ साली बालकांच्या हक्कांचा करार मंजूर केला. त्याच्या बाराव्या कलमात असे सांगितले आहे की, ज्या मुलाला आपले मत बनविता येते त्याला स्वतःशी संबंधित असलेल्या सर्व बाबींत ते मोकळेपणाने मांडण्याचा हक्क आहे, आणि त्या मताला मुलाच्या वयाप्रमाणे व समजुतीप्रमाणे योग्य वजन दिले पाहिजे. भारताने हा करार १९९२ साली स्वीकारला. ‘वयाप्रमाणे व समजुतीप्रमाणे’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. पाचवीतील मुलाच्या मताला व दहावीतील मुलीच्या मताला सारखेच वजन द्यावे असे करार म्हणत नाही. दोघांचेही ऐकावे असे मात्र निश्चित म्हणतो. आपल्या देशातील २००९ सालच्या शिक्षणहक्क कायद्याने विनाअनुदानित शाळा वगळून इतर शाळांत व्यवस्थापन समिती नेमण्यास सांगितले, आणि तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत व एकंदर सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्यात असे ठरविले. अनुदानित व अल्पसंख्याकांच्या शाळांत ह्या समितीचे काम सल्ला देण्यापुरते आहे. तथापि सल्ला देणाऱ्या पालकाने आपल्या घरातल्या विद्यार्थ्याला आधी विचारले, तर तो सल्ला अधिक मोलाचा होईल.

परदेशातही ह्या बाबतीत मोठे प्रयोग झाले आहेत. पोलंड देशात वॉर्सा शहरी यानुश कोर्चाक नावाचे एक डॉक्टर १९१२ पासून अनाथ मुलांचे गृह चालवीत असत. त्या गृहात मुलांचे स्वतःचे न्यायालय होते. न्यायाधीश मुलेच असत, आणि मोठ्या माणसांविरुद्धही तेथे फिर्याद करता येई. स्वतः कोर्चाकही अनेकदा त्या न्यायालयापुढे उभे राहिले. त्या न्यायालयाच्या कायद्याचा सारा कल शिक्षेपेक्षा क्षमेकडे होता. १९२६ साली त्यांनी मुलांनी लिहिलेले एक वर्तमानपत्रही सुरू केले. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ च्या ऑगस्टमध्ये, नाझींनी त्या गृहातील मुलांना ट्रेब्लिंका येथील छावणीत नेऊन ठार केले, तेव्हा कोर्चाकही त्या मुलांना सोडून गेले नाहीत; त्यांच्याबरोबरच मरण पावले. जो मनुष्य मुलांच्या न्यायालयापुढे उभा राहिला, त्याच्यावरचा मुलांचा विश्वास त्यामुळे कमी झाला नव्हता, हे ज्यांना शिस्तीची काळजी वाटते त्यांनी ध्यानात घ्यावे.

आता प्रत्यक्ष रीत काय असावी ते पाहू. अनेक शाळांत जूनमध्ये विद्यार्थी मंत्रिमंडळ निवडले जाते. आरोग्यमंत्री, क्रीडामंत्री अशी नावे फळ्यावर लागतात, टाळ्या होतात, आणि पुढे वर्षभर त्या मंत्र्यांना प्रार्थनेच्या वेळी रांगा लावण्यापलीकडे काम राहत नाही. हा दोष टाळावयाचा असेल तर चार गोष्टी सांभाळाव्या लागतात.

पहिली, प्रश्न नेमका असावा. ‘शाळा कशी वाटते?’ असे विचारले तर ‘चांगली’ हेच उत्तर येणार. ‘पावसाळ्यात वर्गात कोणती अडचण येते?’, ‘ग्रंथालयातून पुस्तक घरी का नेत नाहीस?’, ‘दिवसाच्या कोणत्या वेळी तुला शाळेत भीती वाटते?’ असे विचारले म्हणजे उपयोगी उत्तरे येतात.

दुसरी, सर्वांपर्यंत पोहोचावे. सभेत हात वर करून बोलणारी मुले बहुधा तीच ती असतात: हुशार, धीट, गावातली, सुखवस्तू घरातली. दूरच्या वाडीवरचा मुलगा, तोतरे बोलणारा, नापास झालेला, घरी वेगळी बोली बोलणारा, तसेच मागच्या बाकावरची मुलगी, ह्यांचे म्हणणे सभेत येत नाही. म्हणून नाव न घालता लिहिलेल्या चिठ्ठ्या घ्याव्यात, आणि चार-पाच मुलांच्या लहान गटांत बोलणे करावे. जो बोलत नाही त्याच्याकडेच सांगण्यासारखे अधिक असते, असा आमचा इतक्या वर्षांचा अनुभव आहे.

तिसरी, तक्रारीला पुराव्याची जोड देण्यास मुलांना शिकवावे. दप्तर जड आहे, ही नेहमीची तक्रार घ्या. केंद्र सरकारच्या २०२० सालच्या धोरणाप्रमाणे दप्तराचे वजन विद्यार्थ्याच्या वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक असू नये. म्हणजे ३० किलो वजनाच्या मुलाचे दप्तर ३ किलोंपेक्षा जड असू नये. मुलांनी एक आठवडाभर रोज सकाळी काट्यावर दप्तरे तोलावी, वहीत आकडे लिहावे, कोणत्या वारी वजन वाढते व कोणत्या पुस्तकामुळे वाढते ते पाहावे. मग तो कागद घेऊन मुख्याध्यापकांकडे जावे. अशा कागदाला ‘पाहू पुढे’ असे उत्तर देणे कठीण असते. आणि ह्या खटाटोपात मुलांचे त्रैराशिकही पक्के होते.

चौथी, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची, म्हणजे उत्तर दिलेच पाहिजे. आलेल्या सूचनांचे तीन भाग करावे: लगेच होण्याजोगे, पैसे व वेळ लागणारे, आणि न होण्याजोगे. पहिले आठवड्याच्या आत करावे. दुसऱ्यांविषयी किती खर्च आहे व केव्हा होईल ते मोकळेपणाने सांगावे. तिसऱ्यांविषयी ‘नाही’ म्हणावे, पण कारण सांगून म्हणावे. मुलांना नकार सोसतो. मौन सोसत नाही. एकदा विचारून उत्तर न दिले की पुढच्या वेळी चिठ्ठ्या कोऱ्या येतात.

येथे एक गंभीर गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. मुलांच्या काही तक्रारी अशा असतात की त्या सभेत किंवा मंत्रिमंडळात आणावयाच्या नसतात. कोणी मोठा मनुष्य वा मोठा विद्यार्थी मुलाशी अभद्र वागत असेल, तर ती गोष्ट मुलाने विश्वासाच्या माणसाला ताबडतोब सांगावी. महाराष्ट्र शासनाने शाळांत तक्रारपेटी ठेवण्याचा निर्णय २०१७ सालीच केला आहे. शिवाय १०९८ हा क्रमांक मुलांच्या मदतीसाठी आहे. २०१२ सालच्या बालकांच्या लैंगिक अत्याचारापासून संरक्षणाच्या कायद्याप्रमाणे असा अपराध कळल्यावर तो पोलिसांना न कळविणे हाच गुन्हा आहे. तेव्हा शाळेचे नाव जाईल, घराण्याची अब्रू जाईल, अशा सबबीवर मुलाला गप्प बसविण्याचा अधिकार शिक्षकांना नाही आणि पालकांनाही नाही. लहानसहान गोष्टींत मुलाचे ऐकण्याची सवय घरात व शाळेत असेल तरच मोठ्या संकटाच्या वेळी ते तोंड उघडील. नळाच्या तोटीविषयी ज्याचे कोणी ऐकले नाही, तो ह्याहून कठीण गोष्ट सांगावयास कसा येणार?

कित्येक पालक म्हणतात, मुलांना असे विचारू लागलो तर ती शेफारतील, वडिलांना उलट उत्तरे देतील. ही शंका रास्त आहे, म्हणून तिचे उत्तर देतो. उलट बोलणे आणि आपले म्हणणे मांडणे ह्यांत फरक आहे, आणि तो फरक शिकवावा लागतो. जेथे बोलण्याची रीतसर जागा नसते तेथे मुले कुजबुजतात, भिंतींवर लिहितात, टोपणनावे ठेवतात. जेथे जागा असते तेथे त्यांना शब्द निवडावे लागतात, दुसऱ्याचे ऐकावे लागते, बहुमत आपल्याविरुद्ध गेले तर ते मानावे लागते. उद्या हीच मुले ग्रामसभेत व नगरपालिकेत बसावयाची आहेत, वयाच्या अठराव्या वर्षी मत द्यावयाची आहेत. ती विद्या त्या दिवशी एकाएकी येत नाही.

विद्यार्थी मित्रहो, तुम्हांलाही दोन शब्द सांगावयाचे आहेत. तुमचे म्हणणे मांडताना केवळ स्वतःच्या बाकापुरते पाहू नका. तुमच्या वर्गात जो बोलत नाही त्याला काय हवे आहे, हे आधी विचारा व त्याच्या वतीने बोला. जे सुचवाल त्यातले आपल्या हातांनी होण्यासारखे असेल ते स्वतः करावयास पुढे व्हा. आणि तुमच्या सांगण्याप्रमाणे काही सुधारले, तर ते तुमच्यामागून येणाऱ्यांसाठी जपा.

पालकांस आमची विनंती एवढीच की, मूल घरी आल्यावर ‘आज किती गुण मिळाले?’ ह्या प्रश्नाबरोबर ‘आज शाळेत कशाची अडचण आली?’ हाही प्रश्न विचारीत जावा, आणि मिळालेले उत्तर पालकसभेच्या दिवशी आमच्याकडे घेऊन यावे. ते ऐकण्यास आम्ही शिक्षक बांधलेले आहोत.